बर्फतळ्याच्या बांधावरचा मेपल

नगरभवनाचं छत गळायला लागलं म्हणून त्या वर्षी ऑल्डन या छोट्या शहराच्या सगळ्या सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरत होत्या. ईस्टरच्या आधीचे, मांस वर्ज्य असलेले उपासाचे दिवस होते. शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाची तयारी गुरुवारी संध्याकाळीच सुरू व्हायची, त्यामुळे बांधाच्या दुरुस्तीची पहिली सुनावणी कांदा परतल्याच्या वासात पार पडली. आत स्वयंपाकघरात बायका पिरोगींच्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्यांच्या, कडा दाबत होत्या आणि दार उघडं ठेवून बाहेरचं सगळं ऐकत होत्या.

बर्नडीन हुडाक दुसऱ्या रांगेत बसली होती. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करून ती निवृत्त झाली होती, आणि सभेत उठून बोलणं तिने जन्मात केलं नव्हतं. आज मात्र बोलायचं असं ठरवून ती चांगला कोट घालून आली होती.

बर्फतळं मुळात एका बर्फाच्या कंपनीचं. फ्रीज यायच्या आधी तिने ओढ्याला मातीचा बांध घालून पाणी अडवलं, आणि हिवाळ्यात त्या तळ्यातून बर्फाच्या लाद्या कापून विकल्या. कंपनी बुडाली, तळं शहराच्या पदरात पडलं, शहराने भोवती बाग केली. पुढे उद्यान खात्याने एक रीत सुरू केली: घरातलं कोणी गेलं की त्याच्या नावाने बागेत एक झाड लावायचं आणि बुंध्याशी पितळेची छोटी पट्टी ठोकायची. झाड बांधावरच हवं असं प्रत्येकाला वाटे, कारण तिथे उभं राहिलं की पाणी दिसतं. खात्यालाही ते पटे. मुळं माती धरून ठेवतात, झाडांनी बांध मजबूतच होईल, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं होतं. होता होता ऑल्डनची गेलेली माणसं मेपल, ओक आणि बर्च होऊन त्या बांधाच्या उतारावर दाटीवाटीने उभी राहिली.

बर्नडीनच्या नवऱ्याचा, एमिल हुडाकचा मेपल अगदी पायथ्याशी, तळ्याच्या उलट्या अंगाला होता. एमिल शहराचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायचा. "मला दफनभूमीत ठेवू नकोस," तो शेवटच्या आजारात म्हणाला होता. "तिथला रस्ता कोणी साफ करत नाही." बागेत राख ठेवायला मनाई होती, चर्चलाही ते चालणारं नव्हतं. मेपल लावायच्या दिवशी खात्याची माणसं ट्रकमधून माती आणायला वळली, तेवढ्यात बर्नडीनने पिशवीतला कॉफीचा डबा काढून खड्ड्यात उपडा केला आणि वर बुटाने माती ओढली. फादरना तिने कलश घरीच आहे असं सांगितलं. तो होताही, रिकामा. एमिल कुठे आहे हे तिच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं, आणि आता शहर तिथे यंत्र लावून खणणार होतं.

कोरा वेबर भिंतीवर चित्र दाखवून बोलत होती. ती शहराची नवी अभियंता. येऊन वर्ष झालं तरी लोक अजून तिला 'पिट्सबर्गची पोरगी' म्हणत. राज्याच्या तपासनिसांनी बांध धोक्याचा ठरवला आहे, ती म्हणाली. बांध फुटला तर खालची गल्ली आणि बेसबॉलचं मैदान पाण्याखाली जाईल. दुरुस्ती करावीच लागेल, आणि दुरुस्तीच्या आधी बांधावरची झाडं काढावी लागतील. शक्य झाली तर काही जागची हलवणार नाही, पण तसं वचन ती देऊ शकत नव्हती.

सगळ्यात आधी फ्लॉइड यंट उठला. तो बर्नडीनचा शाळेतला वर्गमित्र, आणि त्याचं घर खालच्या गल्लीतलं पहिलं. बांधावर त्याच्या भावाच्या नावाचा ओक होता.

"बांध फुटला तर पाणी आधी माझ्या दिवाणखान्यात येणार," तो म्हणाला. "मला चालेल. तो सोफा घरातून जायचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही."

"ऐकतेय मी," स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज आला.

हशा ओसरल्यावर बर्नडीन उठली. तिने कागदावर काही लिहून आणलं नव्हतं. ती म्हणाली, की बांधावरची सगळी झाडं सारखी समजू नका. एमिलचा मेपल रोगट नाही, पोकळ नाही, असा निरोगी मेपल अख्ख्या बागेत दुसरा नाही. गेल्या दोन उन्हाळ्यांत पाऊस नव्हता, सगळी झाडं ऑगस्टातच पानं टाकून मोकळी झाली. एमिलचं मात्र हिरवंगार. खालचं गवतसुद्धा हिरवं. आणि हिवाळ्यात तर त्याच्याखाली बर्फ टिकतच नाही. सगळा बांध पांढरा, आणि झाडाखाली तेवढीच जमीन मोकळी.

"जन्मभर त्याने या गावाचा बर्फ काढला," ती म्हणाली. "अजून स्वतःच्या दारचा काढतोय, असं मी समजते."

लोक हसले, एकदोघांनी डोळे पुसले. उद्यान खात्याचा प्रमुख रॉय ब्रॅनिगन अध्यक्षाच्या खुर्चीत होता. त्यानेही चष्मा काढला. कोरा वेबर तेवढी हसली नाही. तिचं पेन थांबलं होतं आणि ती बर्नडीनकडे टक लावून बघत होती. सभा संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मिसेस हुडाक, ते झाड उद्या सकाळी मला दाखवाल का?"

बर्नडीनला वाटलं, पोरीचं मन वळलं.

सकाळी ती थर्मासमध्ये कॉफी आणि कागदात गुंडाळलेला अक्रोडाचा रोल घेऊन गेली. रात्री बर्फ पडला होता. बांधाचा उतार चादर अंथरल्यासारखा पांढरा होता आणि मेपलच्या बुंध्याशी, उताराच्या बाजूला, काळपट जमिनीचा एक तुकडा उघडा होता. बर्नडीनने तो अभिमानाने दाखवला. कोराने रोल खाल्ला, छान झालाय म्हणाली, आणि मग हातमोजा काढून तिथेच गुडघ्यावर बसली.

तिने तळवा गवतात दाबला. बोटांच्या फटींतून पाणी वर आलं.

"तळ्याच्या तळचं पाणी हिवाळ्यात वरच्या जमिनीपेक्षा उबदार असतं," ती हळू म्हणाली. "ते इथून झिरपतंय. म्हणून बर्फ टिकत नाही."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"तेच पाणी."

कोराने समजावून सांगितलं, आणि ती सांगत होती त्यात शहाणपणा मिरवण्याचा सूर नव्हता. झाडाची मुळं पाण्याच्या मागे बांधाच्या पोटात शिरतात. जिवंत असेपर्यंत त्यांचा तितकासा त्रास नसतो. पण मूळ मेलं की कुजतं, आणि त्याच्या जागी पोकळ नळी उरते. पाणी त्या नळीतून वाट काढतं. बांधाच्या खाली वाट सापडलेलं पाणी स्वस्थ बसत नाही. स्वच्छ पाणी येत असेल तर थोडा वेळ हातात असतो. गढूळ येत असेल तर ते बांध आपल्याबरोबर घेऊन चाललेलं असतं.

तिने पिशवीतून काचेची बरणी काढली, गवताखाली छोटा खळगा केला, पाणी निवळू दिलं आणि मग बरणी तिरकी धरून ती भरून घेतली. पाणी स्वच्छ दिसत होतं. कोराने बरणी एका दगडावर ठेवली आणि दोघी कॉफी पीत उभ्या राहिल्या. थर्मास रिकामा होईपर्यंत बरणीच्या तळाशी करड्या रंगाचा पातळ थर बसला होता. पिठासारखा बारीक.

बर्नडीनचा हात कोटाच्या गळ्याशी गेला.

"बसता का जरा?" कोराने विचारलं. "मला कळतंय, झाडाचं..."

"ती बरणी मला देशील?"

कोराला नवल वाटलं असावं. पण तिच्याकडे दुसऱ्या होत्या. तिने झाकण घट्ट लावून ती बर्नडीनच्या हातात दिली.

घरी बर्नडीनने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसली. भीती ओसरल्यावर तिला नीट विचार करता आला. एमिलची राख अशी नव्हती. ती तिने बघितली होती, हातात घेतली होती. पांढरट आणि खरखरीत, शिंपले कुटल्यासारखी. हे तसं नव्हतं. ही नुसती गाळाची माती होती. एमिल वाहून जात नव्हता.

तिला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. वाहून चालला होता तो बांध. तिच्या झाडाच्या बुडातून, कणाकणाने, ती हिरवं गवत बघून खूश होत होती त्या सगळ्या काळात. आणि ते तिनेच भर सभेत उठून सांगितलं होतं. गप्प राहिली असती तर पिट्सबर्गच्या पोरीने त्या झाडाकडे कदाचित वळूनही बघितलं नसतं.

त्या आठवड्यात ती दोनदा बांधावर गेली आणि दोन्ही वेळा मेपलपाशी न थांबता वरून खाली बघत उभी राहिली. फ्लॉइडच्या घराचा मागचा जिना दिसत होता. त्याची बायको आर्लीन कचऱ्याचा डबा ओढत होती. त्यापलीकडे मैदान, कुंपणाला अडकलेली गेल्या मोसमातली एक टोपी. वादळात एमिल सर्वांत शेवटी ही गल्ली साफ करायचा, कारण इथे ट्रक वळत नसे, उलटा आणावा लागे. घरी येऊन तो फ्लॉइडच्या चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला शिव्या घालायचा. पण गल्ली तशीच सोडून तो कधी घरी आला नाही. झाडाबद्दल एमिल काय म्हणाला असता, हे तिला विचारायची गरज नव्हती. प्रश्न झाडाचा उरलाच नव्हता. एमिलला तिथून न्यायचं कसं, आणि कोणाला न सांगता न्यायचं कसं, हा होता. जमीन एका बाजूला चिखल, बाकी गोठलेली. तिच्या गुडघ्यांची तऱ्हा ही. आणि इतक्या वर्षांत त्या राखेतून किती मुळं आरपार गेली असतील, देव जाणे.

दुसरी सुनावणी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी झाली. हॉल भरला होता. कोराने आराखडा मांडला. झाडं सगळी जातील. मुळं खणून काढायची, खड्डे चिकणमातीने भरायचे, पातळ थर देऊन प्रत्येक थर ठोकून घट्ट करायचा. पायथ्याशी वाळू आणि खडीचा पट्टा, म्हणजे झिरपलेलं पाणी माती न घेता बाहेर पडेल. मेपलपाशी काय सापडलं तेही तिने सांगितलं, आणि बर्नडीनचं नाव घेतलं नाही. लोकांनी फार विरोध केला नाही. बरणीची गोष्ट गावभर झाली होती. पितळेच्या पट्ट्या जपून ठेवू, असं रॉय म्हणाला. मग कोणीतरी सहज विचारलं, की खणलेल्या मातीचं काय.

मुळांनी भरलेली माती बांधात परत वापरता येत नाही, रॉयने सांगितलं. ती गॅरेजमागच्या पाचोळ्याच्या ढिगात जाईल. वसंतात लोक तिथून बागेसाठी खत फुकट नेतात, तेव्हा माती वाया जाणार नाही. लोकांनी माना डोलावल्या. एकीने मागे वळून आपल्या टोमॅटोंना ते खत किती मानवतं ते सांगितलं.

एमिलला टोमॅटो आवडत नसत.

बर्नडीन उभी राहिली. "माझ्या झाडाखालची माती तिकडे नेता येणार नाही."

"का बरं, बर्नी?" रॉयने विचारलं.

"एमिल आहे तिच्यात."

आत पिरोगींची पाटावरची थापथूप थांबली. रॉयने चष्मा वर सारला. "एमिलची आठवण आहे, असं तुला म्हणायचंय."

"नाही," बर्नडीन म्हणाली. "एमिल."

बागेचा नियम रॉयने स्वतः फलकावर लावला होता, आणि तो फलक बांधाच्या तोंडाशीच होता. बर्नडीनला आपले कान तापलेले कळत होते, पण ती खाली बसली नाही. एकदा सांगितलं ते सांगितलं. आता त्यांनी दंड करावा, फादरना कळवावं, काय वाटेल ते करावं. मात्र तो ढिगात जाणार नाही एवढं ऐकल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती.

रॉय खुर्चीतून उठला. "मी जरा आत जाऊन पिरोगी कुठवर आल्या ते बघतो," तो म्हणाला. "अध्यक्ष नसताना जे बोललं जातं ते सभेचं कामकाज नसतं. मला अर्धा तासही लागू शकतो." आणि खरोखरच तो आत गेला आणि इतका वेळ उघडं असलेलं दार त्याने मागे लावून घेतलं. आर्लीनने ते लगेच पुन्हा किलकिलं केलं.

कोरा आराखड्यापाशी उभी होती. तिने पेन्सिल उचलली आणि साध्या आवाजात विचारलं, "आणखी कोणाचं कोणी आहे?"

आधी कोणीच हात वर केला नाही. मग भिंतीजवळ बसलेल्या दंतवैद्याच्या बायकोने केला. तिची आई बर्चखाली होती; निम्मी. उरलेली निम्मी बहिणीने फ्लोरिडाला नेली होती आणि त्यावरून दोघींचं अजून बोलणं नव्हतं. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला, मग आणखी एक. जुन्या रेल्वे यार्डातले दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. प्रत्येकाने दुसऱ्यापासून लपवून वडिलांची थोडी थोडी राख एकाच झाडाखाली आणून टाकली होती. बर्नडीनला वाटत होतं तशी ती एकटी नव्हती. इतकी वर्षं बांधावर भेटल्यावर ही सगळी माणसं हवापाण्याचं बोलून पुढे जात होती.

फ्लॉइडने सर्वांत शेवटी हात वर केला.

"तुझा भाऊ तर दफनभूमीत आहे," बर्नडीन म्हणाली. "मी होते तिथे."

"भाऊ नाही. डचेस."

"तुझा कुत्रा?"

"कुत्री. पट्टीवर भावाचं नाव घातलं, कारण कुत्र्याच्या नावाने झाड देत नाहीत. भावाला कळलं असतं तर हसला असता. आता तिला एमिलबरोबर एकाच ट्रकमध्ये घालू नका. त्याला ती आवडायची नाही."

"तिलाही तो आवडायचा नाही," बर्नडीन म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिला खाली बसावं लागलं.

कोराने नकाशावर तळ्याच्या पश्चिमेचं टेकाड दाखवलं. ते बांधाचा भाग नव्हतं, पाण्याच्या पातळीच्या बरंच वर होतं, आणि तिथून तळं दिसत होतं. ज्या झाडांच्या खुणा लोक तिला आज करून देतील, त्यांच्या मुळांची माती वेगळी काढायची आणि तिथे पसरायची. वर गवत. झाडं लावायची तर तिथे खुशाल लावा. यंत्राचं काम वाढेल, ती म्हणाली, पण ती माती चांगली आहे आणि टेकाडावर मातीची गरज आहे, असं अहवालात लिहिता येईल. आणि त्यात खोटं काहीच नाही.

रॉय हातात बशी घेऊन परतला. "काय ठरलं?"

"थोडी माती पश्चिमेच्या टेकाडावर न्यायची," कोरा म्हणाली.

"मातीबद्दल माझं काही म्हणणं नाही," रॉय म्हणाला आणि बशी बर्नडीनपुढे धरली.

काम पानगळीत झालं. तळ्याचं पाणी आधीच सोडून दिलं होतं. चिखलात बर्फ कंपनीच्या काळातला, लाद्या ओढायचा एक गंजलेला आकडा आणि असंख्य गोल्फचे चेंडू निघाले. मेपल पाडताना बर्नडीन गेली नाही. बुंधा उपसायच्या दिवशी मात्र गेली. मुळांचा गड्डा उचलला गेला तेव्हा कोराने तिला हाताला धरून खड्ड्याच्या काठाशी नेलं आणि बांधाच्या बाजूची भिंत दाखवली. तिथे एक भोक होतं, कडेने ओलं, आत काळं, मनगट सहज जाईल एवढं. एका मेलेल्या मुळाची जागा. बर्नडीनने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. पांढरं, शिंपल्यासारखं काही मातीत दिसतं का, हेही तिने बघितलं. दिसलं नाही. सगळं झाडाने घेतलं असेल किंवा मातीने, दोन्ही एकच.

माती न्यायला शहराचा नारिंगी ट्रक आला होता. हिवाळ्यात याच ट्रकांना पुढे फाळ बसवतात आणि त्यांनीच बर्फ हटवतात. हा एमिलचाच की त्याच्यासारखा दुसरा, हे तिने विचारलं नाही. ड्रायव्हरने शेजारचं दार उघडून धरलं आणि तिला वर चढायला हात दिला. बांधावरून टेकाडापर्यंत तो अगदी सावकाश गेला. मागे कोणी गाडीवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा ड्रायव्हरने काच खाली करून त्याला जे काय सुनावलं, ते थेट एमिलच्या तोंडचं होतं.

पुढच्या वर्षी उन्हाळा पुन्हा कोरडा गेला. टेकाडावर लोकांनी झाडं लावली होती. बर्नडीनने अजून लावलं नव्हतं, कोणतं लावावं ते ठरत नव्हतं. ऑगस्टच्या एका सकाळी ती तिथून उतरून बांधाच्या पायथ्याशी गेली. उतारावर आता नुसतं गवत होतं, आणि ते सगळीकडे सारखंच पिवळं पडलेलं होतं. मेपल कुठे होता ते शोधायला तिला वेळ लागला. वरच्या बाकावरून आणि फ्लॉइडच्या कुंपणावरून अंदाज घेत तिने जागा पक्की केली, एका गुडघ्यावर बसली, मग दुसऱ्या, आणि तळवा गवतात दाबला. पेंढ्यासारखं टोचलं. बोटांच्या फटींतून पाणी वर आलं नाही.

खालून फ्लॉइडने हाक मारली. तो मागच्या जिन्यावर कॉफी पीत बसला होता, आणि जिन्याशेजारी अंगणात तो जुना सोफा होता. अखेर घराबाहेर निघाला होता तर.

"काय हरवलंय?"

"काही नाही. बघत होते."

"मग काय दिसलं?"

"कोरडं आहे," बर्नडीन म्हणाली.

"महिनाभर पाऊस नाही. कोरडं नसेल तर काय असेल?"

तळवा तिथेच ठेवून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग तिने फ्लॉइडला वर बोलावलं, कारण उठायला तिला कोणाचातरी हात लागणार होता.